एका मिरवणुकीचे रसग्रहण

मिरवणुकीचे रसग्रहण करावयाचे असते, असे मला कोणी शिकविलेले नाही. कवितेचे करतात, गद्य उताऱ्याचे करतात. आम्हा शाळामास्तरांचा तर तो पोटापाण्याचा धंदाच आहे. पण दोन-तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात बिनपगारी रजा काढून मी न्यूयॉर्कला भाचीकडे गेलो, तेथे १७ मार्चला सेंट पॅट्रिकच्या नावाने निघणारी आयरिश लोकांची मिरवणूक पाहिली, आणि तेव्हापासून अर्धवट वाचून ठेवलेल्या कादंबरीसारखी ती माझ्या डोक्यात बसली आहे. वाङ्मयाच्या अंकात मिरवणुकीला जागा कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांना एवढेच विचारतो की, एका समाजाने स्वतःविषयी दरवर्षी न चुकता सांगितलेली गोष्ट म्हणजे वाङ्मय नव्हे तर काय? तिला कर्ता आहे, रचना आहे, नायक आहे. आणि चांगल्या-वाईट सर्वच पुस्तकांत असतात तशी गाळलेली पानेही आहेत.

आयर्लंड आपणा मराठी वाचकांना अगदीच परके नाही. न. चिं. केळकरांनी आयर्लंडचा इतिहास मराठीत लिहिला तो हौसेखातर नव्हे. ‘होमरूल’ हा शब्दच आपण त्या बेटाकडून उसना घेतला. १९१६ च्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात इकडे बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन होत होती, आणि नेमक्या त्याच आठवड्यात तिकडे डब्लिनच्या रस्त्यांवर ईस्टरचे बंड पेटले होते. माझ्या पणजोबांच्या पिढीला डी व्हॅलेरा हे नाव शेजारच्या तालुक्यातल्या पुढाऱ्यासारखे ओळखीचे होते. तेव्हा फिफ्थ ॲव्हेन्यूवर कठड्याला छाती लावून मी उभा राहिलो तो कोऱ्या मनाने नव्हे. मला बंडाची गोष्ट ऐकावयाची होती. ऐकावयास मिळाली ती हजेरी.

हजेरी म्हणतो याचे कारण आहे. मिरवणूक सकाळी ११ वाजता ४४ व्या रस्त्याशी सुरू होते आणि उत्तरेकडे चालत ७९ व्या रस्त्याशी संपते. तीत चित्ररथ नाहीत. मोटारी नाहीत. रोषणाई नाही, देखावा नाही. शिकागोचे आयरिश लोक १९६२ पासून या सणानिमित्त नदीचे पाणीच हिरवे रंगवितात. न्यूयॉर्ककरांना तसले काही मानवत नाही. येथे माणसे फक्त चालतात. आधी लष्कराची ६९ वी पलटण, हातात काळ्या काटेरी लाकडाच्या काठ्या घेतलेले तिचे अधिकारी. मागून शाळांचे बँड, बॅगपाइप वाजविणारे पोलीस, संस्थांचे कार्यकर्ते, आणि मग एकेका परगण्याचा फलक. कॉर्क, केरी, मेयो, स्लायगो, रॉसकॉमन. परगणे एकूण ३२. फलकामागे कोटटोपी घातलेले, छातीवर पट्टा लावलेले साठीचे गृहस्थ, त्यांच्या बायका, नातवंडे. पुन्हा फलक, पुन्हा गृहस्थ. पहिला तासभर मला कंटाळा आला, हे प्रामाणिकपणे सांगतो. चित्ररथांवर पोसलेली माझी नजर काहीतरी ‘येण्याची’ वाट पाहत होती.

भाची हसून म्हणाली, “मामा, तुम्ही वर्गात हजेरी घेतल्यासारखे बघताय. आपली मिरवणूक ऑगस्टमध्ये असते, मॅडिसन ॲव्हेन्यूवर. तिच्यात चित्ररथ असतात. तेव्हा यायला हवं होतं.”

पण तिच्या त्या ‘हजेरी’ शब्दानेच मला गाठ सुटल्यासारखे झाले. माणसे नाचत नाहीत, काही दाखवीत नाहीत, केवळ आपल्या गावाचे नाव पुढे धरून जातात. या रचनेचा अर्थ ‘हजर’ असा आहे. आपल्या वारीत दिंडीला क्रमांक असतो, आपल्या क्रमाने दिंडी जाते, आणि पाहणारा कोण आहे याची चालणारा फारशी फिकीर करीत नाही. फरक एवढाच की वारकऱ्याची हजेरी विठ्ठलापाशी लागते. यांची कोणापाशी?

ती शहरापाशी, असे उत्तर इतिहासातून मिळते. या नगरात ही मिरवणूक पहिल्याने निघाली १७६२ साली, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याही १४ वर्षे आधी. आणि ती काढली कोणी? इंग्रजांच्या फौजेत चाकरीला असलेल्या आयरिश शिपायांनी. ज्याचे मीठ खायचे त्याच्याच वर्दीत आपल्या देशाचा संत मिरवायचा, असा हा पहिला अध्याय. त्यातही गंमत अशी की तो संत मूळचा आयरिश नव्हेच. पाचव्या शतकातला हा ब्रिटनमधला मुलगा. आयरिश चाच्यांनी त्याला पळवून नेऊन गुलाम केले, तो निसटला, आणि पुढे आपण होऊन त्याच बेटावर धर्म सांगावयास परत गेला. परक्यांनी ज्याला गुलाम केले त्या परक्याला आपला म्हणून मिरविणारी मिरवणूक! कोणा कादंबरीकाराने हे रचले असते तर आम्ही टीकाकारांनी योजना फार उघड झाली म्हणून नाक मुरडले असते.

मग १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून तो भयंकर दुष्काळ आला. सुमारे १० लाख माणसे मेली. त्याहून अधिक देशोधडीला लागली. ती अंगावरच्या वस्त्रानिशी या बंदरात उतरली, तेव्हा शहराने त्यांचे कसे स्वागत केले हे पाहावयाचे असेल तर टॉमस नास्टचे १८६७ सालचे व्यंगचित्र पाहावे. त्या वर्षी मिरवणुकीच्या दिवशी आयरिश लोकांची आणि पोलिसांची मारामारी झाली होती. नास्टने ‘हार्पर्स वीकली’त ती रेखाटली आणि आयरिश माणसांना माकडांची तोंडे दिली. मी हे चित्र आधी पाहिलेले होते. म्हणून समोरून पोलिसांचे बॅगपाइपचे पथक आले तेव्हा मी एकदम ताठ झालो. चित्रात पोलिसाला बडवणारे जे माकड होते, त्याचा पणतू आज पोलिसाच्या वर्दीत वाद्य वाजवीत चालला होता! उत्तर असे द्यावे. शब्द न उच्चारता, पायांनी. त्यामागून अग्निशामक दलाचे जवान आले. २००१ च्या सप्टेंबरमध्ये त्या दोन मनोऱ्यांत या दलाची ३४३ माणसे गेली. त्यांच्यासाठी ३४३ निशाणे घेऊन ओळीच्या ओळी गेल्या. निशाणे मोजून संपेनात. माझ्या शेजारचा एक माणूस आधी मोठमोठ्याने बोलत होता, तो गप्प झाला. चित्ररथाची वाट पाहणारे माझे मनही गप्प झाले. नुसत्या मोजदादीत एवढी शक्ती असते हे मला माहीत नव्हते.

येथवर रसग्रहण सोपे आहे. अवघड भाग पुढे आहे.

कोणाच्याही उत्तरात एक दोष असतो. ज्याने हिणविले त्याच्याकडे पाहूनच ते दिलेले असते. शत्रू निघून गेला तरी उत्तर चालूच राहते, आणि त्याला लाजविणारे जे काही आपल्या घरात असेल ते आत कोंडून ठेवण्याची सवय जडते. या मिरवणुकीतही तसेच झाले. १९९१ साली आयरिश समलिंगी स्त्री-पुरुषांच्या एका संस्थेने आपला फलक घेऊन चालण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. दुसऱ्या एका तुकडीने त्यांना पाहुणे म्हणून आपल्यात घेतले, फलकाविना. आणि शहराचे महापौर डिंकिन्स आपली मानाची जागा सोडून त्यांच्याबरोबर चालले. डिंकिन्स या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. त्यांच्यावर रस्त्याच्या कडेने शिव्या आल्या, बिअरचे डबे आले. ज्यांच्या पूर्वजांना माकडांची तोंडे दिली गेली होती, त्यांच्याकडून हे आले! त्यानंतर जवळजवळ पाव शतक हा वाद चालला. २०१४ मध्ये महापौर डी ब्लासिओ चालले नाहीत, गिनेसच्या मद्यकंपनीने आपला आश्रय काढून घेतला. २०१५ मध्ये एका दूरचित्रवाणी कंपनीतील समलिंगी कर्मचाऱ्यांची तुकडी आली, आणि २०१६ मध्ये आयरिश संस्थेचा स्वतःचा फलक प्रथमच त्या रस्त्यावरून गेला.

याच वादाच्या बॉस्टनमधील आवृत्तीत, १९९५ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने जो निर्णय दिला तो कोणाही टीकाकाराने वाचण्यासारखा आहे. न्यायालयाने म्हटले त्याचा आशय असा, की मिरवणूक ही अभिव्यक्ती आहे. तीत काय यावे आणि काय येऊ नये हे ठरविण्याचा अधिकार ती काढणाऱ्यांचा आहे. नको असलेला आशय त्यांच्यावर सक्तीने लादता येणार नाही. म्हणजे न्यायालयाने मिरवणूक काढणाऱ्याला लेखकाचा दर्जा दिला. कादंबरीकार म्हणून मला हा निर्णय मान्य करावाच लागतो. माझ्या पुस्तकात अमुक पात्र घातलेच पाहिजे असे उद्या कोणी हुकमाने सांगू लागला तर मी लेखणी खाली ठेवीन. पण लेखकाला गाळण्याचा हक्क आहे, याचा अर्थ त्याचे गाळणे योग्य आहे असा होत नाही. हक्क न्यायालय देते. गाळलेल्याचा जाब टीकाकाराने विचारावयाचा असतो.

आणि खरे सांगायचे तर या मिरवणुकीच्या पावणेतीनशे वर्षांच्या जवळ पोचलेल्या कथेतले सर्वांत जिवंत प्रसंग चालण्याचे नाहीतच. ते न चालण्याचे आहेत. १८६० साली इंग्लंडचा युवराज न्यूयॉर्कला आला होता. त्याच्या मानवंदनेसाठी पलटणी निघाल्या. ६९ व्या पलटणीचा कर्नल मायकेल कॉर्कोरन याने आपले आयरिश शिपाई बाहेर काढण्यास साफ नकार दिला. दुष्काळात ज्यांच्या राज्यात आपली माणसे उपाशी मेली त्यांच्या पोरापुढे पाय आपटायचे नाहीत! त्याच्यावर लष्करी खटला भरला. पुढल्या वर्षी यादवी युद्ध पेटले तेव्हा तो गुंडाळला गेला आणि कॉर्कोरन पलटण घेऊन रणांगणावर गेला. १९८३ साली आयर्लंडमधल्या सशस्त्र बंडखोरांचा एक उघड पाठीराखा मिरवणुकीचा अग्रणी निवडला गेला. तेव्हा कार्डिनल कुक कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर आले ते तो पुढे निघून गेल्यावर. गेली कित्येक वर्षे प्रेक्षक मोजण्यात वेळ घालविणाऱ्या आयोजकांनी एकदा या न आलेल्यांचीही नोंद ठेवावी.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात सनीसाइड नावाची वस्ती आहे. माझी भाची तेथे राहते. तिच्या घराजवळून मार्चच्या आरंभीच एक दुसरी, लहान मिरवणूक निघते. ज्यांना फिफ्थ ॲव्हेन्यूवर मज्जाव होता त्यांच्यासाठी आणि त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी ती २००० साली सुरू झाली. राष्ट्राच्या सर्व मुलांना सारखेच जपावे, अशी जी ग्वाही १९१६ च्या डब्लिनच्या जाहीरनाम्यात होती, ती तिने आपले ब्रीद म्हणून घेतली आहे. ती मी आधी पाहिली. आयरिश बासरीवाले, त्यांच्यामागे दक्षिण अमेरिकेतून आलेले नाचणारे लोक, बाबागाडीतली मुले, कुत्री, खांद्यावर इंद्रधनुषी निशाण घेतलेली एक आजी. माझे मन तिच्याकडे आहे. तथापि टीकाकाराने मन आणि मत यांत गल्लत करू नये. ती मिरवणूक पसरट आहे. तिच्यात सर्वांना जागा आहे, म्हणून कोणाचीच जागा मोक्याची नाही. मोठ्या मिरवणुकीत त्या फलकाला २०१६ साली जी धार आली ती पंचवीस वर्षांच्या दारबंदीने आली. नकाराशिवाय नाट्य नाही, हे क्रूर आहे. परंतु कलेच्या बाबतीत ते मला नेहमी खरे आढळले आहे. सनीसाइडची मिरवणूक चांगल्या माणसांची आहे. फिफ्थ ॲव्हेन्यूची मिरवणूक चांगली मिरवणूक आहे. वाचकांनी मला माफ करावे.

आता त्या पानाविषयी, जे दोन्हींत नाही.

१८६३ च्या जुलैत, यादवी युद्ध चालू असता, सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध न्यूयॉर्कात दंगल उसळली. ३०० डॉलर भरणाऱ्या धनिकाला भरतीतून सूट होती, गरिबाला नव्हती. तेव्हा राग मुळात गैर नव्हता. दंगेखोरांत आयरिश मजुरांचा भरणा फार मोठा होता. परंतु तो राग पैसेवाल्यांवर थोडा निघाला आणि ज्यांच्यापाशी काहीच नव्हते त्या काळ्या माणसांवर फार निघाला. माणसे दिव्यांच्या खांबांना लटकावली गेली. पहिल्याच दिवशी, १३ जुलैला, जमावाने काळ्या मुलांचे अनाथालय लुटले आणि जाळले. आत २३३ मुले होती. ती मागच्या बाजूने बाहेर काढली गेली म्हणून वाचली. हे अनाथालय कोठे होते? फिफ्थ ॲव्हेन्यूवर, ४३ आणि ४४ या रस्त्यांच्या मध्ये. म्हणजे मिरवणूक जेथून पहिले पाऊल उचलते, त्या कोपऱ्याला लागून.

मी हे भाचीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “पण मामा, मिरवणुकीत हे कसं दाखवणार?”

तिचे बरोबर आहे. मिरवणुकीला हे दाखविता येणार नाही. मिरवणूक हा प्रकार अभिमानासाठी घडलेला आहे. लाजेला त्यात चालताच येत नाही, कारण लाज मान खाली घालते आणि मिरवणुकीत मान वर लागते. हा आयरिश लोकांचा दोष नव्हे, तो त्या साहित्यप्रकाराचा आहे. पण म्हणूनच मिरवणुकीच्या शेजारी दुसरा प्रकार लागतो, आणि तो जेव्हा येतो तेव्हा मिरवणुकीतलीच माणसे त्याला दगड मारतात. जॉन सिंजचे ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ हे नाटक १९०७ साली डब्लिनच्या ॲबी थिएटरात आले. बापाला मारून आलो अशी बढाई मारणाऱ्या पोराला खेडे डोक्यावर घेते, असे त्याचे कथानक. आमच्या लोकांची बदनामी झाली म्हणून प्रेक्षकांनी दंगा केला. तेच नाटक १९११ साली लेडी ग्रेगरी न्यूयॉर्कला घेऊन आल्या, तेव्हा येथल्या आयरिश प्रेक्षकांनी रंगमंचावर बटाटे फेकले! दुष्काळातून पळून आलेल्यांच्या नातवंडांनी फेकण्यासाठी बटाटाच निवडावा, हे मला फार बोलके वाटते. फिलाडेल्फियात तर १९१२ च्या जानेवारीत नटांना अटकच झाली. सिंजचा गुन्हा एवढाच की त्याने मान खाली घालून पाहिले आणि खाली जे दिसले त्यावर प्रेम केले.

त्या अनाथालयाच्या हकिगतीत एक माणूस आहे. मुलांचा एक घोळका जमावात सापडला असता त्यांना वाचवून पोलीस ठाण्यापर्यंत पोचविणाऱ्यांत एक आयरिश तरुणही होता, असे त्या काळच्या वृत्तान्तांत आढळते. त्याचा फलक कोणत्याही परगण्यामागे नाही. त्याला मिरवावे तर जाळणाऱ्यांचे नाव घ्यावे लागते. मला मात्र त्या दिवशी ३२ परगण्यांच्या सगळ्या फलकांमागे तोच दिसत राहिला. बाजूला आपलीच माणसे, आपलीच भाषा, शेजारचीच पोरे. आणि हा एकटा उलट दिशेने, हातात परक्या लेकराचा हात. कादंबरी लिहावी ती याच्यावर. ती आयरिश माणसाने लिहिली पाहिजे, हेही खरे.

हे मी एवढ्या तावातावाने का सांगतो आहे, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण माझ्या पहिल्या कादंबरीत आहे. ती आमच्या गावच्या पालखीवर होती. तिला बरे म्हणणारे पुष्कळ भेटले, एक बक्षीसही मिळाले, गावात सत्कार झाला. सत्कारानंतर सगळे पांगल्यावर एक म्हातारा मागे राहिला होता. माझ्या एका विद्यार्थ्याचा आजा. पुस्तक त्याला नातवाने वाचून दाखविले होते. तो म्हणाला, “मास्तर, पुस्तक झ्याक झालंय. पर आमची आळी त्यात आली न्हाई.” मी म्हणालो, “बाबा, पालखी तुमच्या आळीतून जात नाही ना.” तो म्हणाला, “व्हय. म्हणूनच इचारलं.” आणि काठी उचलून गेला. त्या पुस्तकाच्या पुढे दोन आवृत्त्या निघाल्या. दोन्ही वेळी मुद्रिते मीच तपासली, आणि दोन्ही वेळी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिले.

फिफ्थ ॲव्हेन्यूवर दुपार कलली तरी तुकड्या संपल्या नव्हत्या. मी भाचीला म्हटले की, मला जेथून हे सारे निघते ती जागा पाहावयाची आहे. गर्दीतून वाट काढीत आम्ही उलट दिशेने चालू लागलो. मिरवणूक वर चालली होती, आम्ही खाली. आडरस्त्यांतून अजून शाळांचे बँड आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे होते. ४४ व्या रस्त्याच्या कोपऱ्याशी पोचल्यावर भाची फोनवरच्या नकाशात काहीतरी शोधू लागली. मी आजूबाजूला पाहिले. उंच इमारती, दुकाने, गर्दी. पदपथाच्या कडेला एका शाळेच्या पथकातली मुले ढोल खाली ठेवून बसली होती. गोरी होती, काळी होती, एकदोन आपल्यासारखीही होती. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी बुटाची नाडी बांधीत होती. पुढून शिट्टी वाजली. ती गडबडीने उठली, नाडी तशीच सुटी राहिली, आणि ढोल गळ्यात अडकवून ओळीत जाऊन उभी राहिली.